काढलेली पुंगळी आणि मूळ नळीचा शोध

मंडळी, आज मी तुम्हांला एका नळीचा इतिहास सांगणार आहे. राजेरजवाड्यांचा नाही, लढायांचा नाही. मोटारीच्या पोटाखाली, चिखलात आणि धुळीत लोंबकळणाऱ्या एका गंजक्या नळीचा. तुम्ही म्हणाल, धुराड्याला कसला आला आहे इतिहास? पण आहे. आणि तो ऐकलात तर गावातल्या एखाद्या तरुणाचे चार पैसे वाचतील, आणि रस्त्याकडेच्या शाळेतल्या पोरांना गुरुजींचे बोलणे नीट ऐकू येईल. माझ्या मते हे दोन्ही लाभ लहान नाहीत.

आमची शाळा अगदी सडकेला लागून. चाळीस पावलांवर डांबरी रस्ता. मी तिथे पुष्कळ वर्षे शिकवले. गाडी जाते, आवाज होतो, आपण अर्धे वाक्य गिळतो आणि पुढे चालू लागतो. याची सवयच झाली होती. पण अलीकडे एक नवी तऱ्हा निघाली. गाडी दिसायच्या आधी तिचा आवाज येतो, आणि दिसेनाशी झाल्यावरही घुमत राहतो. आपल्याकडे याला ‘पुंगळी काढणे’ म्हणतात. सायलेन्सरच्या आतली जाळीदार नळी काढून टाकायची, नाहीतर मूळचा सायलेन्सरच उतरवून बाजारातली रुंद तोंडाची नळी बसवायची. मग गाडी डरकाळ्या फोडते, आणि चालवणाऱ्याला वाटते की आपल्या अंगात वाघ संचारला.

असाच एक वाघ मागे माझ्या दारात आला. माझाच जुना विद्यार्थी. पण त्या दिवशी त्याचे तोंड उतरले होते. नाक्यावर गाडी अडवली होती, दंड झाला होता आणि वर ताकीद मिळाली होती की मूळचा सायलेन्सर बसवून गाडी दाखवायला आण. मी विचारले, “अरे, मग बसव की. मूळचा कुठे आहे?” तो खाली मान घालून म्हणाला, “गुरुजी, भंगारात घातला. वजनावर.” नव्या नळीचा भाव त्याने विचारला होता, आणि तो ऐकून त्याचे डोळे पांढरे झाले होते.

मी त्याला बसवले, चहा दिला, आणि जी गोष्ट त्याला सांगितली तीच आज तुम्हांला सांगतो.

मोटारीचे इंजिन आवाज का करते, हे आधी समजून घेऊ. सिलिंडरात पेट्रोल आणि हवा यांचा भडका उडतो. भडक्याचे काम झाले की झडप उघडते आणि अजूनही चांगल्या दाबाखाली असलेला तापलेला वायू एकदम बाहेर झेपावतो. प्रत्येक झेप म्हणजे एक फटाका. चार सिलिंडरांचे साधे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर असे फटाके सेकंदाला शंभर होतात. ‘फटफटी’ हा आपला शब्द काही उगीच आलेला नाही.

आता धरणाचा सांडवा आठवा. वरून कोसळणारे पाणी सरळ नदीत सोडले तर ते काठ फोडील. म्हणून पायथ्याशी एक कुंड बांधतात. पाणी त्यात आदळते, घुसळते, आपला जोर तिथेच टाकते आणि मग निमूटपणे पुढे वाहते. सायलेन्सर म्हणजे धुराचे तसलेच कुंड. अरुंद नळीतून आलेला वायू रुंद डब्यात पसरतो, भोकाभोकांच्या नळ्यांतून वाट काढतो, आडव्या पडद्यांवर आपटून मागे फिरतो. ध्वनीच्या लाटा एकमेकींवर येऊन विरतात. काही डब्यांत काचेचा कापूस भरतात, तो आवाज शोषून घेतो. अमेरिकेत या डब्याला ‘मफलर’ म्हणतात. थंडीत आपण गळ्याला गुंडाळतो तोच मफलर! इंजिनाच्या तोंडाला बांधलेला.

ही युक्ती फार जुनी आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कोलंबस नावाचे गाव आहे. तिथे मिल्टन रीव्हज हा कारागीर मोटारगाडी करण्याच्या खटपटीत होता. त्या काळी रस्त्यावर राज्य घोड्यांचे. मोटारीचा फाटफाट आवाज ऐकला की घोडे बुजत, गाड्या उलटत, माणसे शिव्या देत. तेव्हा मिल्टन आणि त्याचा भाऊ मार्शल यांनी १८९७ साली धुराच्या नळीवर बसवायच्या मफलरचे पेटंट घेतले. म्हणजे पाहा, रस्त्यावरच्या दुसऱ्या जीवाचा विचार करूनच ही नळी मोटारीला लागली. आपल्या बैलांनाही हे कळेल. माणसांनाच पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

पण सायलेन्सर लागला त्याच दिवसापासून तो काढायची हौसही सुरू झाली. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कित्येक मोटारींना एक दांडी किंवा पायाने दाबायची पट्टी असे. ती ओढली की धूर मफलरात न शिरता आधीच बाहेर पडे आणि गाडी गर्जना करी. चढावर जोर मिळतो, असे कारण सांगत. खरे कारण बहुधा वेगळेच असावे. शहरांतले लोक कंटाळले आणि ठिकठिकाणी या दांडीवर बंदी आली.

पुढे हीच हौस कॅलिफोर्नियात मोठी झाली. फोर्डने १९३२ साली आठ सिलिंडरांचे इंजिन सामान्य माणसाच्या आवाक्यात आणले. काही वर्षांनी त्या गाड्या जुन्या झाल्या, स्वस्त झाल्या, आणि तरुणांच्या हाती पडल्या. पोरांनी चिखलरोधक काढले, टप काढले, मफलर काढले, भंगाराच्या आवारातून दुसऱ्या गाड्यांचे भाग आणून जोडले. मुरॉकसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाट मैदानात ते शर्यती लावीत. दुसऱ्या महायुद्धानंतर या वेडाला भर आला, आणि मैदानातली शर्यत गावच्या रस्त्यावर उतरली. अपघात होऊ लागले, पोलीस चिठ्ठ्या फाडू लागले.

इथे मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. वॅली पार्क्स नावाचा एक गृहस्थ याच पोरांतला. त्याने १९५१ साली त्यांची एक राष्ट्रीय संघटना उभी केली. त्याचे म्हणणे साधे होते: पोरांची हौस मारू नका, तिला जागा द्या. रस्त्यावर नको, मोकळी धावपट्टी घ्या, नियम करा, गाडी तपासा आणि मग पळवा. आपल्याकडे शंकरपटाला माळ लागतो, बाजारपेठेतून कोणी बैल पळवत नाही. तोच न्याय.

इथपर्यंत ही नुसती आवाजाची गोष्ट होती. आता ती धुराची होते.

१९४३ सालच्या जुलै महिन्यात लॉस एंजलिस शहरावर एक दिवस करड्या धुराचा पडदा उतरला. डोळे चुरचुरू लागले, घसे धरले. युद्धाचे दिवस, शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशी शंका लोकांना आली. मग एका रबराच्या कारखान्याकडे बोट गेले. तो बंद ठेवून पाहिला, तरी पडदा काही हटेना. पुढे आसपासच्या शेतकऱ्यांनी पाहिले की पालेभाज्यांची पाने करपताहेत. कीड नाही, रोग नाही, पाण्याची ओढ नाही. मग हे काय?

हा गुंता सोडवला आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने. तो मूळचा हॉलंडचा. अननसाला वास कशाचा येतो, याचा तो अभ्यास करीत होता. त्याने तीच हातोटी शहरातल्या हवेवर चालवली. १९५० च्या सुमारास त्याने दाखवून दिले की मोटारींच्या आणि तेल कारखान्यांच्या धुरातली न जळलेली इंधनाची वाफ आणि नायट्रोजनचे वायू यांच्यावर ऊन पडले की त्यांतून ओझोन आणि दुसरी झोंबणारी द्रव्ये तयार होतात. पाने करपवणारा, डोळ्यांना पाणी आणणारा चोर तो हाच! मोटार उत्पादकांनी आधी कानांवर हात ठेवले, पण पुरावा पक्का होता.

मग नळीवर दुसरे काम आले. यूजीन हूद्री या फ्रेंच अभियंत्याने धूर शुद्ध करणारा डबा तयार केला होता. या डब्यात आज चिनीमातीच्या मधाच्या पोळ्यासारखा ठोकळा असतो आणि त्याच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अगदी पातळ थर. विषारी कार्बन मोनॉक्साइडचा तो कार्बन डायऑक्साइड करतो, उरलेली इंधनाची वाफ जाळतो, नायट्रोजनच्या वायूंची फोड करतो. स्वतः मात्र खर्ची पडत नाही. याला म्हणतात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर.

अडचण एकच होती. त्या वेळच्या पेट्रोलात शिसे घालीत, आणि शिशाचा थर बसला की हा डबा निकामी होई. शेवटी अमेरिकेत १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा झाला, १९७४ साली बिनशिशाचे पेट्रोल पंपांवर आले आणि १९७५ च्या बहुतेक नव्या गाड्यांना हा डबा लागला. १९८४ पासून कॅलिफोर्नियात गाड्यांची नियमित धूरतपासणी सुरू झाली. तपासणारा नुसता धूर मोजत नाही. मूळचे भाग जागेवर आहेत का, हेही बघतो. आणि मग काय झाले? ज्यांनी हौसेने मूळची नळी उतरवली होती, तेच लोक तपासणीच्या तोंडावर तीच नळी शोधत भंगाराच्या आवारांतून हिंडू लागले. माझा विद्यार्थी ज्या वाटेने निघाला होता, ती वाट त्यांनी आधीच मळवून ठेवली होती.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे १९१४ साली मोटारींचा पहिला अखिल भारतीय कायदा झाला, मग १९३९ चा, आणि त्यानंतर आजही लागू असलेला १९८८ चा. त्याखालच्या १९८९ च्या नियमांतला १२० वा नियम सांगतो की प्रत्येक मोटारवाहनाला सायलेन्सर असलाच पाहिजे. त्यात शेतीच्या ट्रॅक्टरचेही नाव आहे, बरं का! १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि तिथे बिनशिशाचे पेट्रोल मिळू लागले. २००० साली देशभर शिशाचे पेट्रोल बंद झाले. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे कडक प्रमाण आले. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार गाडीत करता येणार नाहीत. त्याच वर्षी कायदा सुधारला आणि दंड वाढले. मालकाने बेकायदा फेरफार केला तर दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाजाची आणि धुराची मर्यादा मोडली तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड आहे. शिक्षकांनी आणखी एक लक्षात ठेवावे: २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे शाळा आणि दवाखाने यांच्याभोवती किमान शंभर मीटरचे क्षेत्र शांतता क्षेत्र ठरवता येते. तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे.

कायदा सांगून झाला. पण माझ्या विद्यार्थ्याच्या खिशात पैसे नव्हते, त्याचे काय? मी म्हटले, “अरे, इतिहासच तुला वाट दाखवतो. मूळची नळी उतरवणारा तू एकटाच आहेस का?”

यातच सगळी मेख आहे. जुन्या बाजारातल्या बऱ्याच वस्तू झिजल्या म्हणून तिथे येतात. मूळचा सायलेन्सर मात्र कित्येकदा कोरा असताना उतरतो, कारण मालकाला आवाज हवा असतो. म्हणून तो स्वस्त मिळायचे पहिले ठिकाण म्हणजे, हसू नका, जिथे पुंगळ्या काढून देतात तेच गॅरेज! तिथल्या कोपऱ्यात अशा नळ्या पडून असतात. त्यानंतर भंगाराचे मोठे बाजार. मुंबईत कुर्ला, पुण्यात जुना बाजार, दिल्लीत मायापुरी, कलकत्त्यात मलिक बाजार, चेन्नईत पुदुपेट. जुन्या मोटारींच्या भागांसाठी हे पूर्वापार नावाजलेले. २०२१ च्या नियमांनी नोंदणीकृत मोडतोड केंद्रेही सुरू झाली आहेत.

पण स्वस्त म्हणून डोळे मिटून घेऊ नये. मी त्याला जे सांगितले ते तुम्हीही टिपून ठेवा.

पहिले, आपल्याला कोणता तुकडा हवा ते ठरवावे. इंजिनाजवळचा भाग, शुद्धीकरणाचा डबा, मधली नळी आणि मागचा सायलेन्सर असे हे वेगवेगळे तुकडे असतात. मागचाच गेला असेल तर सगळी नळी घेऊ नये. गाडीचे नाव एकच असले तरी वर्षावर्षाला नळीचे वळण बदलते. म्हणून भागाचा क्रमांक जुळवावा, आणि तो पुसला असेल तर टांगण्याच्या जागा नि जोडाची भोके ताडून पाहावीत.

दुसरे, गंज. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते आणि वाफ होऊन नळीतून जाते. गाडी नेहमी थोडेच अंतर चालली तर नळी पुरती तापत नाही, पाणी आतच साचते आणि लोखंड आतून खाल्ले जाते. वरून रंग मारलेली नळी म्हणून फसवते. डब्याच्या खालच्या बाजूने आणि सांध्यांवरून बोटांनी टकटक करावे. खणखणीत वाजली तर ठीक. मडके फुटके असल्यासारखी बद्द वाजली तर पुढे चालावे. हलवून पाहावी; आत खुळखुळा वाजला तर पडदे सुटले आहेत.

तिसरे, शुद्धीकरणाचा डबा जुना घेऊच नये असे मी म्हणेन. आतल्या मौल्यवान धातूसाठी तो पोखरून रिकामा केलेला असतो, किंवा कोणाच्या तरी गाडीखालून कापून आणलेला असतो. चोरीचा माल घेणे हाही गुन्हाच. कोणताही तुकडा घ्या, पावती मागा.

चौथे, जोडातली गॅस्केट, पट्ट्या आणि रबरी टांगण्या नव्याच घालाव्यात. तिथे काटकसर केली तर धूर गळतो, आणि त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. तो गाडीत शिरला तर माणूस झोपेतच जातो. बंद गोठ्यात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये इंजिन चालू ठेवून नळीची परीक्षा कधीही करू नये. एवढे एकच वाक्य या भाषणातले लक्षात राहिले तरी मला पुरे.

तर तो विद्यार्थी गेला. दोन रविवार जुन्या बाजारात हिंडला आणि रिकाम्या हातांनी परतला. एक नळी क्रमांकात बसेना, दुसरी खालून चाळणी झालेली. तिसऱ्या खेपेस, ज्या गॅरेजात त्याने स्वतःची पुंगळी काढून घेतली होती, तिथेच त्याला त्याच गाडीची, त्याच सालची नळी मिळाली. दुसऱ्या कोणा वाघाने उतरवून ठेवलेली. नव्याच्या चौथाईत काम झाले. गाडी दाखवून आला, आणि येता येता शाळेवरून गेला. मी तेव्हा कामासाठी शाळेत आलो होतो. सातवीचा वर्ग चालू होता. गाडी गेली ती कोणाला कळलीही नाही. पोरे गणित सोडवीत राहिली. संध्याकाळी तो मला म्हणाला, “गुरुजी, आवाज नाही तर गाडी गेल्यासारखीच वाटत नाही.” मी म्हटले, “अरे, पोहोचलास ना? मग गेलीच की.”

शिक्षक मित्रांनो, पोरांना मोटारीचे वेड असतेच, आणि ते वाईट नाही. त्या वेडातूनच उद्याचे कारागीर निघतात. त्यांना रागावण्याआधी एखादा गंजलेला सायलेन्सर कापून वर्गात आणा. आतले पडदे, नळ्या, भोके दाखवा. घोडे बुजले म्हणून ही नळी आली, पाने करपली म्हणून तिला डबा जोडला गेला, हे सांगा. ज्याला नळीच्या आतले कळले, तो ती भंगारात घालायच्या आधी दोनदा विचार करील.

आणि तरुणांनो, हौस असेल तर नवी नळी बसवायच्या आधी नियम विचारा. मूळची उतरवावीच लागली, तर तेल लावून, तोंडाला चिंधी कोंबून, माळ्यावर कोरड्या जागी ठेवा. वजनावर विकून हाती येतात ते दोन-चारशे रुपये. आणि तीच पुन्हा शोधायला निघालात की किती जातात, ते माझ्या विद्यार्थ्याला विचारा.